आयसीयूमधला एकच व्हेंटिलेटर

ऐंशीच्या दशकात माझी पोस्टिंग मुंबईच्या उपनगरातल्या एका छोट्या मिलिटरी हॉस्पिटलात होती. मी हुद्द्याने नायक, काम नर्सिंग असिस्टंटचं. आयसीयू म्हणजे मोजके पलंग, एक सक्शन मशीन आणि एकच व्हेंटिलेटर. ताप, बीपी, लघवीचं माप, पेशंटची कूस बदलणं, हे रोजचं काम.

एका सकाळी हवालदार परब शिपाई कांबळेला घेऊन आले. परब मालवणकडचे, बिऱ्हाड दहिसरच्या चाळीत. कांबळे त्यांच्याच प्लाटूनचा, त्यांना उस्ताद म्हणायचा. अंगात ताप, मान ताठ, गाडीत झटकेही आलेले. परबांनी वाटभर त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. वर्दीवर त्याची उलटी होती.

"डोळे उघड रे मेल्या, हॉस्पिटल इला."

मेजर देशमुख मॅडमनी त्याच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. ते स्वच्छ यायला हवं. पेजेसारखं गढूळ आलं.

"मेनिंजायटिस. पेनिसिलिन आत्ता सुरू कर. रिपोर्टसाठी थांबायचं नाही."

"येस मॅडम."

मेंदूची सूज उतरावी म्हणून मॅनिटॉल लावलं. दुपारी श्वास अडखळला, तेव्हा नळी घालून व्हेंटिलेटरवर घेतलं. लागण पसरू नये म्हणून बॅरेकमध्ये सगळ्यांना कॅप्सूल दिल्या. परबांनीही घेतली.

दुसऱ्या दिवशी परब स्वतःच चालत आले.

"डोक्या दुखता जरा."

पँट वर केली. पायांवर जांभळे डाग होते, लागण रक्तात उतरल्याची खूण. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी सलाईन आणायला गेलो.

संध्याकाळी त्यांचा बीपी लागेना. मग श्वास थांबला. मोठ्या हॉस्पिटलाला फोन केला. दुसरं मशीन निघालंय, म्हणाले.

"कांबळेचं काढायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "परबांना हाताने श्वास दे."

मी अँब्यू बॅग दाबत राहिलो. दाब, सोड. दाब, सोड. मशीन पोचलं नव्हतं.

"बस," मॅडम म्हणाल्या.

मी आणखी दोनदा दाबली. मग हात धुतले आणि कांबळेची कूस बदलली. त्याची वेळ झाली होती.

परबांच्या मिसेस आल्या. मी त्यांच्याकडे घड्याळ आणि बूट दिले.

"ते जेवले हुते काय?"

"नाही," मी म्हणालो.

कांबळे वाचला. शुद्धीवर आला तेव्हा त्याचे दोन्ही कान गेले होते. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो ओरडूनच बोलायचा.

"परब उस्ताद कुठं हायेत?"

अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. मी नुसती 'नाही' अशी मान हलवली. त्याला वाटलं, मला प्रश्न कळला नाही. त्याने तो पुन्हा विचारला, आणखी मोठ्याने.