पंच्याहत्तरचे पन्नास

भाजीचा भाव विचारावा तसं अवीची आई स्वतःच्या मरणाबद्दल विचारायची. समोर दूधवाला असो, डॉक्टर असो की हळदीकुंकवाला आलेली अनोळखी बाई, दुसऱ्या वाक्याला तिचा प्रश्न ठरलेला. "मी मेल्यावर याचं काय होईन वं?" लोक बिचकायचे. 'असं अभद्र बोलू नये' म्हणायचे. मग ती भडकायची. "काहून नाही बोलावं? मले कोणं अमरपट्टा लिहून देल्ला हाय?"

'हा' म्हणजे अवी. वय बत्तीस, अंगाने थोराड, समज चार वर्षांच्या पोराची. तिचा नवरा कोराडीच्या वीज केंद्रात होता. तो गेला, कॉलनीतलं क्वार्टर सोडावं लागलं आणि ही अवीला घेऊन प्रताप नगरात माझ्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने आली. मी निवृत्त शिक्षिका, जिभेची तिखट. भाडेकरू माझ्याकडे वर्षभर टिकत नाहीत. ही टिकली, कारण भांडणात ती मला पुरून उरायची.

रोज सकाळी आंघोळ झाली की ती अवीचा क्लास घ्यायची. हो, क्लासच म्हणायची. शर्टाची बटणं लावायला शिकवण्यात तिची दोन वर्षं गेली. पांघरुणाची घडी, स्वतःचं नाव, घराचा पत्ता, नमस्कार. मी चाळीस वर्षं शाळेत घालवली, पण एवढा चिवट मास्तर पाहिला नाही. "येते त्याले, बाई. वेळ लागते फक्त," असं म्हणायची. शिकवलेलं अवी कधी विसरत नसे. पण न शिकवलेलं त्याला काहीच सुचत नसे. गॅसचा वास आला तरी तो तिथेच बसून राहणार. मधूनमधून फिट यायची. एकटं सोडायची सोय नव्हती.

मग डॉक्टरांनी तिला हृदयाची झडप खराब असल्याचं सांगितलं. ऑपरेशनचा विषय काढला की म्हणायची, "पहिले याची जागा." जागा शोधता शोधता तिच्या चपला झिजल्या. सरकारी संस्था होत्या त्या अठरा वर्षांपर्यंतच्या. जसं काही अठरा पूर्ण झाली की असली मुलं बरी होऊन नोकरीला लागतात! शेवटी मौद्याच्या रस्त्यावर मोठ्या माणसांसाठी नवीन सरकारी निवासगृह निघाल्याचं कळलं. अवीचं अपंगत्वाचं जुनं सर्टिफिकेट पंच्याहत्तर टक्क्यांचं होतं, पण ते कागदी. नवीन दिव्यांग कार्डासाठी पुन्हा तपासणी हवी होती.

इथे माती खाल्ली ती मी. तिला म्हटलं, "पोराला नेटका करून ने. सरकारी लोकांवर छाप पडली पाहिजे." केजीच्या ॲडमिशनला मुलांची तयारी करून घेतात, तेच माझ्या डोक्यात. पंधरा दिवस आम्ही दोघींनी त्याचा पिच्छा पुरवला. आज वार कोणता, घरी कोण कोण, ही दहाची नोट की वीसची. तपासणीच्या दिवशी पठ्ठ्याने सगळं बरोबर सांगितलं. वर डॉक्टरांच्या टेबलावरचा टॉवेल घडी करून ठेवला. डॉक्टर म्हणाले, "शाब्बास!" अवीच्या आईच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला आजही पाहवत नाही.

कार्ड आलं पन्नास टक्क्यांचं. निवासगृहाच्या बाई कागद पाहून म्हणाल्या, "आमच्याकडे फक्त पंच्याहत्तर टक्के किंवा त्यावरचे घेतो. हा बराच स्वावलंबी आहे. दिव्यांगांसाठी घरकुल योजनेत राखीव घरं असतात, तिकडे अर्ज करा."

"अन् त्या घरात याच्याजवळ माणूस कोण देते?" अवीच्या आईने विचारलं.

"तशी तरतूद नाही, ताई."

 घरी आल्यावर ती माझ्या अंगणात उभी राहून ओरडली, "मीच केलं वं बाई! मीच शिकवलं त्याले!" मी माझा वाटा कबूल करायला हवा होता. केला नाही. मुकाट्याने फेरतपासणीचा अर्ज लिहून दिला.

दुसऱ्या दिवसापासून तिने उलटा क्लास सुरू केला. त्याने लावलेली बटणं ती काढायची. "नाही बाबू, तुले नाही येत." आधी त्याला खेळ वाटला, हसला. मग रडकुंडीला आला. एका दुपारी भिंतीपलीकडून त्याने मोठ्याने आपलं नाव सांगितलेलं ऐकू आलं आणि पाठोपाठ थप्पड. मी धावत गेले तर ती स्वतःच्या तोंडात मारून घेत होती आणि अवी तिचे हात धरत होता. शेवटी तिने ओठांवर बोट ठेवून त्याला एकच नियम दिला. "मी सांगीन तवाच बोलशील. कोणी बी विचारलं तरी नाही. मीच सांगीन." महिनाभर तोच धडा चालला. त्याला तो पाठ झाला.

फेरतपासणीत अवी भिंतीसारखा बसला. नाव नाही, वार नाही, नोट पुढे केली तर हातसुद्धा लावला नाही. पंच्याहत्तर टक्के मिळाले. अवीची आई दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली. "बत्तीस वर्षं शिकवलं बाई, अन् आज पोराले नापास करून आणलं." मी म्हटलं, "आता तरी बोलू दे त्याला." तिने डोळे पुसले. "ॲडमिशन होऊन जाऊ द्या. पहिला महिना ते त्याच्यावर ध्यान ठेवतात म्हणे. एक महिन्याचा तं प्रश्न हाय."

अवीला तिथे सोडून आली त्या रात्री ती जेवली नाही. पहिल्या रविवारी भेटायला गेली, तेव्हा त्याने तिच्याकडे आशेने पाहिलं आणि तिने ओठांवर बोट ठेवलं. हे तिनेच मला सांगितलं. त्या गुरुवारी सकाळी नळाचं पाणी भरता भरता ती कोसळली. मी तोंडात पाणी घातलं, ते बाहेर आलं. ऑपरेशन राहूनच गेलं.

आता रविवारी मी जाते. तिथली माणसं वाईट नाहीत. वेळेवर औषध देतात, भरवतात. "एकदम शांत आहे हो, याला काहीच येत नाही," असं तिथली मावशी मायेने सांगते, आणि मला ओरडावंसं वाटतं. व्यवस्थापकांना एकदा खरं सांगावं म्हणून मी दारापर्यंत गेले. पन्नास टक्के आठवले, आणि परत फिरले. भित्री आहे मी.

मागच्या खेपेला मी त्याला कोपऱ्यात बसवलं. हात हातात घेतले. म्हटलं, "अवी, आई गेली रे. ती येणार नाही. मी सांगते आता, बोल. तुझं नाव सांग." त्याने घाबरून इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना, आणि झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.