खड्ड्यातलं चाक

मी शिकवत होतो त्या नागपूरच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारे एक टर्नर होते. फिरत्या चाकाच्या रेषेत ते कधी उभे राहत नसत, आणि मलाही दंडाला धरून बाजूला सरकवत. बोलणं मोजकं. वाक्य अर्ध्यावर थांबवून खोकत, मग उरलेलं सांगत.

ऐंशी सालाच्या सुमारास मी विजेवर चालणारी एक छोटी गाडी बनवत होतो. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती जड पोलादी चाकात साठवायची आणि तीच पुन्हा गाडीला द्यायची. चाक माझ्या सीटखाली बसवलं होतं. प्राचार्यांना गाडी दाखवायची त्या सकाळी पाहतो, तर टर्नरांनी चाक उतरवून ठेवलेलं.

"का उतरवलंत?" मी चिडून विचारलं.

"ठोकलं तं बद्द वाजून राहिलं, सर. आत तडा असंल तं? पहिले खड्ड्यात फिरवू. मंग तुम्ही बसा."

"प्राचार्य येतील आता."

"येऊ द्या. त्यायलेही भिंतीमागं उभं करू."

आणि तसंच केलं. वर्कशॉपमागच्या खड्ड्यात मोटारीला जोडलेलं चाक, वर लोखंडी झाकण, त्यावर वाळूची पोती. पूर्ण वेग यायच्या आतच पायाखाली दणका बसला आणि पोती उसळली. झाकण काढलं तेव्हा आत चाकाचे तीन तुकडे पडले होते. कोणाला ओरखडाही नव्हता.

मी तिथेच एका पोत्यावर बसलो. टर्नरांनी चहा आणला.

"चाक फुटणार याची तुम्हाला खात्रीच होती," मी म्हणालो.

"नव्हती, सर," ते खोकले. "म्हणून तं खड्ड्यात फिरवलं."