शून्य टक्केवाले

दोन हजार नऊ साली आखातातून सुट्टीवर आलेल्या माझ्या धाकट्या भावाने घरी एक टॅब्लेट आणला. हाताच्या पंजाएवढं यंत्र, आत लिनक्स. परत जाताना ते त्याने आईच्या हवाली केलं. माझ्या मोबाईलवरून त्याला इंटरनेट जोडायचं आणि शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, तो जे लिहील ते मी आईला वाचून दाखवायचं, असं ठरलं. फोन फक्त गणपतीला आणि दिवाळीला. आईने जन्मभर मालवणच्या बाजारात मासळी विकली, पण अक्षराशी तिची ओळख नव्हती.

यंत्राची बॅटरी सकाळी भरून ठेवावी तर ते दुपारी मान टाकी, आणि भारनियमनामुळे पुन्हा भरायची सोय नसे. घरातला एकमेव पदवीधर मी. कचेरीत कारकून, म्हणजे आपल्याला सगळं कळतं या रोगाने पछाडलेला. इंटरनेटवर चार पानं वाचली, यंत्राची काळी खिडकी उघडली, आज्ञा टाइप केली आणि पडद्यामागे चालू असलेल्या छोट्या प्रोग्रॅम्सची, म्हणजे सर्व्हिसेसची, यादी बघितली. चाळीस-पन्नास नावं! बहुतेकांपुढे कामाचा आकडा शून्य टक्के. म्हणजे करत काही नाहीत, नुसत्या बसून बॅटरी खातायत.

आमचं घर रापणीवाल्यांचं. किनाऱ्यावरून भलंमोठं जाळं ओढायचं, तर जो दोरीला हात लावील तो माणूस, बाकी सगळे फुकटे, असं माझं लहानपणापासूनचं मत. उंच खडकावर उभं राहून नुसतं पाणी बघणारा म्हातारा मासळीचा थवा दाखवी, त्यालाही वाटा मिळे, तेव्हा माझ्या पोटात दुखे. वास्तविक दोरीला माझा हात कधी फारसा लागला नव्हता. तरी त्याच अकलेने मी शून्य टक्केवाल्या सर्व्हिसेस एकेक करून बंद केल्या. यंत्र पुन्हा सुरू झालं तरी त्या उठणार नाहीत असा बंदोबस्तही केला. कचेरीत दोन दिवस ही मर्दुमकी सांगत फिरलो.

पुढच्या शुक्रवारी आई जेवण आवरून टॅब्लेटपुढे बसली. निरोपांची खिडकी उघडली. भावाचं नाव करड्या रंगात, म्हणजे तो आलेला नाही.

"काय रे, इलो काय तो?"

"नाय गो आये. त्याका खंयचो वेळ?"

दुसऱ्या शुक्रवारी तेच. तिसऱ्या शुक्रवारी आई म्हणाली, फोन लाव. मी म्हटलं, परदेशी फोन कशाला, गरज असेल तर तो करील. त्याच्या डोक्यात आखाताचं वारं शिरलंय, अत्तर लावून हिंडत असेल, आता कसली आई नि कसली आवस आठवतेय त्याला. हे बोलताना मला बरं वाटत होतं, हे आज कबूल करतो. तो पैसे पाठवायचा, गावात त्याचं नाव व्हायचं, आणि मी घरी राहून दिसत नव्हतो. आई नुसती पडद्याकडे बघत राहायची.

बॅटरी मात्र पूर्वीसारखीच दुपारी मरत होती. पाचव्या आठवड्यात चिडून मी ती यादी पुन्हा काढली. या खेपेला कामाच्या आकड्याप्रमाणे लावली, आणि सगळ्यात वर निघाली गाण्यांच्या फायली शोधून ठेवणारी सर्व्हिस. मीच दशावताराचं एक रेकॉर्डिंग अर्धवट कॉपी केलं होतं. ती मोडकी फाईल वाचताना ही कोसळे, पुन्हा उठे, पुन्हा तीच फाईल धरी. दिवसभर घाम गाळणारी हीच बॅटरी खात होती. शून्य टक्केवाल्या झोपून होत्या, हाक आली की उठण्यासाठी, आणि झोपलेलं काहीच खात नव्हतं. एवढं समजायला एका पदवीधराला पाच आठवडे लागले.

ती फाईल काढून टाकली. बंद केलेल्या सर्व्हिसेस परत सुरू केल्या. त्यांत एक निरोपांची वाट बघत बसणारी होती. ती उठली आणि भावाचे चार निरोप एकदम पडले.

आई शेजारीच होती. "वाच," म्हणाली. मी एकेक वाचत गेलो, दर शुक्रवारचा एक.

"कंपनी बंद जाता. येव काय घराक? रापणीत माका जागा गावतली काय, आयेक इचार."

"आये काय म्हणता?"

"कोनीच काय बोलनत नाय. येव नको तर येव नको म्हणान सांगा."

"दुसऱ्या कंपनीत सही केलंय. दोन वर्सां. आयेक सांग."

फोनवर त्याने हे विचारलं नसतं. आमच्या घरात असलं कोणी तोंडाने विचारत नाही. मशीन बिघडलं होतं, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"पयलो निरोप कधीचो?" आईने विचारलं.

"पयल्या शुक्रवारचो."

तिने पदराने तोंड पुसलं. मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"त्याका लिव," ती म्हणाली, "आवशीन ये म्हणान सांगितल्यान. आणि तारीख पयल्या शुक्रवारची घाल."

मी लिहिलं. तारीख यंत्राने आजचीच टाकली.