मामांनी पारखलेली बाबागाडी

जगातली कुठलीही वस्तू चालवून बघितल्याशिवाय घरात आणू नये, असं माझ्या मामेसासऱ्यांचं मत आहे, आणि या मताचा एवढा कट्टर माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्यांची उभी हयात गेली. स्वतः ते व्यापारी नव्हेत, शेतकरीच; पण पंचक्रोशीत कुणाला बैल घ्यायचा असला की आधी मामांना गाठायचं आणि मग बाजार गाठायचा, असा रिवाज. जनावर पुढून बघायचं, मागून बघायचं, चार पावलं चालवायचं, वळवायचं, पुन्हा चालवायचं. हीच पद्धत ते सायकलीला, चपलांना आणि पिठाच्या गिरणीलाही लावतात. माझ्या बाबतीतही त्यांनी ती सोडली नाही. मुलगी बघायला मी गेलो होतो, अशी निदान माझी समजूत होती. चहा-पोहे झाल्यावर मामा म्हणाले, "पाव्हणं, चला, जरा विहीर बघून येऊ." विहिरीत बघण्यासारखं काहीही नव्हतं. जाताना ते माझ्या मागून चालले, येताना पुढे झाले, दोनदा थांबून माझ्या पायांकडे बघितलं आणि ओसरीवर येऊन सगळ्यांदेखत निकाल दिला, "पायात सरळ हाय. द्या पोरगी." आमचं लग्न या एका शिफारशीवर झालेलं आहे.

त्यांची दुसरी खोड म्हणजे माल आवडला की तोंड वाकडं करायचं. विकणाऱ्याला आपली खुशी दिसली की भाव चढतो, हा बाजारातला धडा. पण मामांच्या चेहऱ्यात तो इतका मुरलाय की विकणारा समोर नसला तरी चेहरा ऐकत नाही. पुरणपोळी उत्तम जमली की ते कडू काढा प्यायल्यासारखे दिसतात. माझी बायको वर्षा लहानपणी वडील गेल्यापासून मामांकडेच वाढली. तिच्या डी.एड.चा निकाल लागला तेव्हा मामा गावातून असं तोंड करून फिरले की दोन घरच्या बायका सांत्वनाला आल्या. पोरगी पहिल्या वर्गात पास झाली, हे त्यांना चहा पिऊन झाल्यावर कळलं.

तर बाबागाडीचं प्रकरण. आम्ही केडगावात राहतो. थोरली सई तीन वर्षांची, धाकटा ओम सात महिन्यांचा. वर्षाची शाळा आणि शाळेशेजारचं पाळणाघर घरापासून चांगलंच लांब. आमच्या बोळात सकाळी रिक्षा फिरकत नाही आणि मी पारनेरच्या बँकेत नोकरीला, म्हणून पहाटेच घर सोडतो. एक पोर कडेवर, दुसरं "मला पण उचल" म्हणून पदराला, खांद्यावर वह्यांची पिशवी; असं रोज जाणं कुणालाही जमायचं नाही. रजा संपत आली होती. सोमवारी हजर झाला नाहीत तर दुसरी बाई घ्यावी लागेल, असं शाळेनं कळवलं होतं. वर्षा दोन दिवस कुणाशी धड बोलत नव्हती. मी दोन मुलांची बाबागाडी घ्यायचं ठरवलं आणि फोनवर मामांना सहज सांगून बसलो. रविवारी सकाळी ते पहिल्या एसटीने हजर. "चाकाची वस्तू घेताय अन् मला सांगत न्हाई?" सांगितलं म्हणूनच ते आले होते, पण हे त्यांना कोण सांगणार!

नगरच्या दुकानात आम्ही सगळे गेलो. मी मोबाईलवर पाहून ठेवलेली गाडी दुकानदाराने पुढे आणली. एक बैठक पुढे, दुसरी तिच्या मागे. मामा उकिडवे बसले, खालून बघितलं, चाक फिरवून कान लावला आणि उठले.

"एक म्होरं, एक मागं? जोड कुनी अशी जुपतं व्हय?"

"काका, ही अरुंद असते," दुकानदार म्हणाला. "दारातून आरामात आत जाते."

"दार आमचं हाय. तुमी गाडीचं बोला." मग माझ्याकडे वळून जरा हळू आवाजात म्हणाले, "अन् जावईबापू, मागं कोन बसनार? थोरलीच ना? तिनं आत्तापासून भावाच्या पाठीकडं बघत बसायचं?"

मी दुकानदाराला दुसरी दाखवायला सांगितली. शेजारी-शेजारी बैठका असलेली गाडी निघाली. मामांनी दोन्ही पोरं तीत बसवली आणि दुकानदाराला काही कळायच्या आत गाडी थेट रस्त्यावर काढली. खडीवरून नेली, गतिरोधकावरून नेली, रसवंतीला वळसा घातला. मग हॅंडल वर्षाच्या हातात देऊन स्वतः मागून चालत आले. सई राणीसारखी बसली होती आणि दुकानदार "काका, गाडी अजून विकलेली नाही!" म्हणत धावत होता. मामांचं तोंड हळूहळू वाकडं होऊ लागलं, तेव्हा मी ओळखलं की गाडी पसंत आहे.

सौद्याच्या वेळी त्यांनी खांद्यावरचा टॉवेल दुकानदाराच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. घोडेगावला भाव असाच ठरतो, बोटं दाबून, चारचौघांना न कळता. त्या बिचाऱ्याला यातलं ओ की ठो कळेना. "काका, किंमत चिठ्ठीवर लिहिलीये!" "ती तुमची झाली. आता माझी बगा," म्हणत मामांनी आणखी दोन बोटं दाबली. शेवटी स्वतःचा हात सोडवून घेण्यासाठी त्याने मच्छरदाणी आणि पावसाळी झाकण फुकट दिलं. "मानूस सरळ हाय," मामा बाहेर येऊन म्हणाले.

घरी आलो. गाडी फाटकातून आली, पायऱ्या चढली आणि दारात अडली. तिरकी केली, उलटी केली, मागून घातली. चौकट काही ऐकेना. खडी, चाक, चाल सगळं पारखणाऱ्या माणसाने दार तेवढं मोजलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी पारखलेली एकही जोड घराच्या दारातून आत जायची नव्हती, मग दाराची आठवण होणार कुठून? रोज घडी घालायची तर दोन पोरं कुणाकडे द्यायची, आणि बाहेर ठेवायची तर ऊन, पाऊस, कुत्री. वर्षा आधी खूप हसली. मग पायरीवर बसली आणि तिचे डोळे भरून आले. "राहू द्या, मामा. दुसरी बाई घेऊ दे त्यांना. मी बसते घरी."

मामांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा गाडीकडे. मग एकदम कडाडले, "घरी बसायला शिकिवलं व्हय तुला? बैल काय कुनी सैपाकघरात बांधतं? दार बी बरोबर हाय, गाडी बी बरोबर हाय. गोठा न्हाई, एवढीच अडचन हाय!"

दिवस मावळेपर्यंत पायऱ्यांच्या बाजूला चार डांब उभे राहिले, वर पत्रा पडला. मी पत्रा धरायला होतो आणि शिव्या खायलाही. गाडीला साखळी-कुलूप लावलं. कुलपावर मामांचा भरवसा नाही म्हणून वर दावंही बांधलं. समोरच्या काकूंनी विचारलं, "म्हैस घेताय का?" मामा म्हणाले, "शाळेची तयारी हाय." काकू निमूट आत गेल्या.

सोमवारी मी उशिराची एसटी धरायची ठरवली. वर्षाने पोरं एकेक करून गाडीत बसवली, वह्यांची पिशवी खालच्या जाळीत टाकली. मी कोपऱ्यापर्यंत सोबत निघालो, तर मामांनी दंड धरला. "थांबा. तिची तिला हाकू द्या."

बोळाच्या मध्यावर गटाराच्या झाकणाला चाक अडलं. मी पाऊल उचललं. मामांची पकड आणखी घट्ट झाली. वर्षाने हॅंडल दाबून पुढची चाकं उचलली, गाडी पार केली आणि चालू लागली. सईने ओमचा हात धरलेला दिसत होता. माझ्या बायकोचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला, आणि दंड धरून उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्याचा तर काकणभर जास्तच. कोपऱ्यावर ती वळली आणि दिसेनाशी झाली.

"एकदा बी मागं बगितलं न्हाई," मामा म्हणाले. "लई चांगलं झालं." तोंड मात्र जराही वाकडं झालं नव्हतं.

"चला आत, मामा. चहा गार होतोय."

"तुमी व्हा म्होरं," ते म्हणाले, आणि फाटकाला हात लावून त्या रिकाम्या बोळाकडे बघत राहिले.