त्रेचाळिसावा मेंदू

कवटीकाका मूळचेच भित्रे. घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघत आणि जिना उतरल्यावर बायकोला विचारत, "ओढलं होतं ना मी?"

"ओढलंत. आता दार उपटून सोबतच घ्या," ती म्हणे.

माणसांच्या इस्पितळात सव्वीस वर्षं त्यांनी मेंदूच्या स्कॅनचं काम केलं. तिथे या भित्रेपणाला काटेकोरपणा म्हणत. निवृत्तीनंतर प्राण्यांच्या इस्पितळाने त्यांना एकाच कामासाठी बोलावलं: माणसाच्या मेंदूसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर कुत्र्यांवर चालवून दाखवायचं.

चित्रातली कवटी, डोळे, मांस पुसून नुसता मेंदू शिल्लक ठेवायचा, ही त्यातली पहिली पायरी. काकांचं टोपणनाव त्यावरूनच पडलं. सॉफ्टवेअर डोक्याच्या मधोमध एक काल्पनिक फुगा सोडतं आणि तो मेंदूच्या कडेला टेकेपर्यंत फुगत जातो. माणसात हे छान जमतं. कुत्र्यात फुगा कडेबाहेर सांडला आणि जबड्याचे जाडजूड स्नायू म्हणजेच मेंदू, असा त्याने ग्रह करून घेतला. काही माणसं पाहिली तर हा ग्रह अगदीच निराधार म्हणता येत नाही, पण अहवालात तो चालला नसता. काकांनी एक आकडा थोडा वाढवून फुग्याला आवळलं. तरी भीती वाटली म्हणून आणखी थोडं आवळलं. मग मेंदू असे सुबक, गोटीबंद निघू लागले की तिथल्या डॉक्टरबाईंनी ते भिंतीवर लावले. सुरुवातीला त्या मूळ स्कॅनही बघत. पुढे पुढे पडद्यावर आधी काकांचं स्वच्छ चित्र येई आणि त्यावरच काम भागे. चार महिन्यांत त्रेचाळीस कुत्री झाली.

त्यातला एक मुकादम. काकांच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या टेलरमास्तरांचा हा म्हातारा कुत्रा जिन्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घेई, म्हणून हे नाव. त्याला अचानक झटके यायला लागले. सात आठवड्यांपूर्वी स्कॅन झाला आणि काकांनी स्वतः दार ठोठावून सांगितलं होतं, "मास्तर, डोकं स्वच्छ आहे. गोळ्यांनी भागेल." आयुष्यात इतक्या ठामपणे ते क्वचितच बोलले होते.

एका सकाळी काका खुर्ची मागायला शरीररचनेच्या खोलीत गेले. तिथल्या बाई कपाटातल्या बरण्या पुसत होत्या. एका बरणीत कुत्र्याचा मेंदू होता आणि त्याच्या पुढे हाताच्या दोन अंगठ्यांसारखं काहीतरी आलेलं होतं.

"हे पुढे काय आहे?"

"वास घ्यायचा भाग. कुत्र्याचा निम्मा संसार त्यावरच चालतो की! तुम्ही रोज मेंदू बघता ना, काका?"

काका रोज बघत होते. अंगठे त्यांनी एकदाही बघितले नव्हते. माणसात हा भाग दोन काड्यांएवढा. सॉफ्टवेअरला तो ठाऊकच नव्हता, आणि आवळलेला फुगा त्या अरुंद कोपऱ्यात शिरलाच नव्हता. त्रेचाळीस वेळा मेंदूचं टोक हाडामांसाबरोबर पुसलं गेलं होतं.

खुर्ची तिथेच राहिली. काकांनी मूळ स्कॅन उघडायला घेतले. पहिला नीट. दुसरा नीट. मुकादमाची फाईल यादीत अकरावी होती. ती ओलांडून ते बाराव्यावर गेले. दुपारी तीनपर्यंत बेचाळीस झाले, सगळे नीट. एखाद्याला यातून धीर आला असता. काकांची भीती मात्र प्रत्येक नीट निघालेल्या कुत्र्यागणिक वाढत गेली, जणू सगळं वाईट त्या एकासाठी राखून ठेवलं जात होतं.

मग त्यांनी अकरावी उघडली. उजव्या अंगठ्यात वाटाण्याएवढा पांढरा ठिपका होता.

काकांनी बोलावल्यावर डॉक्टरबाईंनी तो ठिपका पडद्यावर मोठा करून पाहिला. "काका, हे मीही बघायला हवं होतं."

"काढता येईल ही गाठ?"

"तेव्हा नक्की आली असती. आता पुन्हा स्कॅन केल्याशिवाय नाही सांगता येणार. उद्या सकाळी आठला आणा. मास्तरांना मी फोन करते."

"नको. मी सांगतो," काका म्हणाले आणि आपल्याच तोंडून हे निघालेलं ऐकून दचकले.

मास्तरांचं दार उघडंच होतं. ते मशीनवर बाही जोडत होते. मुकादम टेबलाखाली झोपला होता. काकांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, फुगा, अंगठे, ठिपका. मशीन थांबलं.

"म्हणजे कापून टाकलंत."

"चित्रातून. हो."

"मापं कुणाची होती?"

"माणसाची."

मास्तरांनी चष्मा काढला. "माझ्याकडे पोरगं शिकायला आलं असतं आणि असं कापड कापलं असतं, तर कात्री काढून घेतली असती मी त्याची."

मास्तर टेबलाखाली वाकले.

"झटके वाढलेत त्याचे. महिना झाला. तुम्ही स्वच्छ म्हणालात, म्हणून म्हटलं वय असेल. उगाच शेजाऱ्यांना कशाला त्रास." त्यांनी टेबलाखाली हात घालून कुत्र्याचं डोकं चाचपलं, जणू ते बाहेरून कळणार होतं. "वाचेल का?"

"माहीत नाही, मास्तर."

"आता हे बरं माहीत नाही!" मास्तर कडाडले. मुकादम जागा झाला. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "भूल देतात तेव्हा माझे हात कापतात. मागच्या वेळी परिचारिकेने धरलं होतं त्याला. उद्या तुम्ही धरायचं."

सव्वीस वर्षांत काकांनी सुई टोचताना कधी बघितलं नव्हतं. ते नेहमी काचेपलीकडे असत.

"धरतो," ते म्हणाले.

सकाळी मुकादमाला टेबलावर ठेवलं तेव्हा काकांनी दोन्ही हात त्याच्या मानेखाली घातले. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे होते. सुई आत गेली. कुत्र्याचं डोकं जड होत होत काकांच्या तळव्यात उतरलं, आणि ते किती जड होतं हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

"सोडा आता, काका," डॉक्टरबाई म्हणाल्या.

हात सुटायला थोडा वेळ लागला.