उबुंटू म्हणजे लिनक्सच, पण फ्री म्हणजे काय?

सोमवारी सकाळी स्क्रीनवर सहाशे चाळीस कामं रांगेत उभी होती आणि शंभराच्या आसपास मशीन्स रिकामी बसली होती. दोघांची गाठ काही पडत नव्हती.

मी नवीन पनवेलच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात सिस्टिम्स सांभाळते. आमच्याकडे एक ग्रिड आहे. ग्रिड म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणचे कॉम्प्युटर जोडून केलेली सामायिक ताकद. आमची चाळीस मशीन्स, उरणच्या एका कॉलेजची साठ-पासष्ट आणि तळोज्याच्या एका टेस्टिंग लॅबची तीस. मोठं काम आलं की त्याचे तुकडे करायचे आणि जिथे मशीन मोकळं असेल तिथे पाठवायचे. ही वाटावाटी शेड्युलर नावाचा प्रोग्रॅम करतो.

त्या आठवड्यातलं काम तळोज्यातल्या काही कारखान्यांच्या सुरक्षा गटाचं होतं. येत्या रविवारी शेजारच्या वस्तीत ड्रिल होणार होती. वायुगळती झालीच तर लोकांनी कुठे जमायचं, याची तालीम. वारा इकडून आला तर वायू कुठे जाईल, तिकडून आला तर कुठे, अशा सहाशे चाळीस शक्यता तपासायच्या होत्या. गटाचे सेफ्टी ऑफिसर पाटीलसाहेब. मूळचे चिरनेरकडचे. त्यांना शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं, कारण शनिवारी घरोघर पत्रकं वाटायची होती.

फक्त पनवेलची मशीन्स काम करत होती. त्या वेगाने दहा दिवस लागले असते.

कारण शोधायला तासभर गेला, आणि सापडल्यावर हसू आलं. कामाच्या अर्जावर लिहिलं होतं, ‘लिनक्स हवं’. उरणच्या मशीन्सनी आपली ओळख दिली होती, ‘उबुंटू’. तळोज्याच्या मशीन्सनी, ‘डेबियन’. दोन्ही लिनक्सचेच प्रकार. पण शेड्युलर फक्त अक्षरं जुळवतो. मासळी बाजारात गिऱ्हाईक म्हणतंय मासे द्या, आणि विकणारी म्हणतेय मासे नाहीत, पापलेट आहे, बांगडा आहे. तसं चाललं होतं.

प्रिन्सिपल सर म्हणाले, “मग तिथलं नाव बदलून लिनक्स करून टाका. पाच मिनिटांचं काम.”

“सर, तसं करता येणार नाही. त्यांच्या स्वतःच्या कामांच्या अर्जांवर उबुंटू, डेबियन असंच लिहिलेलं असतं. ती सगळी अडतील.”

“मग?”

“माझ्याकडे ऑन्टॉलॉजी आहे.”

सरांनी डोळे मिटले. गेली दोन वर्षं मी या विषयावर बोलत होते आणि स्टाफरूममध्ये त्याला ‘मॅडमचा शब्दकोश’ म्हणत.

ऑन्टॉलॉजी हा शब्द भारदस्त आहे, पण गोष्ट साधी. कुठला शब्द कशाचा प्रकार, कुठले दोन शब्द एकाच अर्थाचे, हे मशीनला वाचता येईल अशा छोट्या वाक्यांत लिहून ठेवायचं. ‘उबुंटू हा लिनक्सचा प्रकार आहे.’ ‘लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे.’ अशी शेकडो वाक्यं. मग रीझनर नावाचा प्रोग्रॅम ती वाचतो आणि स्वतः निष्कर्ष काढतो. वेबवरच्या माहितीचा अर्थ मशीनला लागावा म्हणून निघालेली ही कल्पना. मी ती ग्रिडला लावली होती. कागदावर. एक रिसर्च पेपरही छापून आला होता. खरं काम तिने कधी केलं नव्हतं.

“आठवडाभर बोंब झाली तर?” सरांनी विचारलं.

“तशीही होणारच आहे, सर.”

त्यांना हे पटलं.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता मी ऑन्टॉलॉजी शेड्युलरला जोडली. पहिली दोन मिनिटं काही झालं नाही. मग स्क्रीनवर उरणच्या एका मशीनची ओळ हिरवी झाली, म्हणजे तिथे काम सुरू झालं. मग दहा. मग तळोजा. साडेनऊपर्यंत सव्वाशे कामं एकदम चालू होती. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. सरांना बोलावून दाखवलं. स्टाफरूममध्ये जाऊन उगाचच पाणी प्यायले, म्हणजे कुणीतरी विचारेल.

अकरा वाजता उरणहून मुनाफ सरांचा फोन आला. ते तिथले लॅब इनचार्ज. एरवी अत्यंत शांत माणूस.

“मॅडम, आपने क्या भेजा है? इथे मुलींची प्रॅक्टिकल एक्झाम चालू आहे आणि एकाही मशीनवर माऊस हलत नाही!”

“पण सर, तुमच्या सिस्टिमनेच सांगितलं, मशीन्स फ्री आहेत.”

“फ्री? बाहेरचा एक्झामिनर माझ्या डोक्यावर उभा आहे आणि तुम्ही फ्री म्हणता?”

मी उरणची सगळी कामं त्याच क्षणी थांबवली. परीक्षेला अर्धा तास वाढवून द्यावा लागला. कुणाचं नुकसान झालं नाही, पण साठ मुली घाबरल्या होत्या. टाळीची आठवण होऊन मला फार लाज वाटली.

चूक माझीच होती. मी लिहून ठेवलं होतं, ‘उरणचं फ्री आणि तळोज्याचं आयडल एकच’. तळोज्यात आयडल म्हणजे समोर कुणी बसलेलं नाही आणि मशीनही काही करत नाही. उरणचं फ्रीही तसंच असणार, हे मी पनवेलच्या खुर्चीत बसून ठरवलं होतं. कुणाला विचारलं नव्हतं.

दुपारी मी उरणला गेले. फोनवर माफी मागणं बरं दिसलं नसतं. परीक्षा आटोपली होती. मुनाफ सरांनी चहा मागवला.

“मॅडम, गुस्सा नाही. पण एक सांगा, तुमचा तो प्रोग्रॅम फ्री कशाला म्हणतो?”

“तुम्ही कशाला म्हणता, तेच विचारायला आलेय.”

त्यांनी भिंतीवरचं टाइमटेबल दाखवलं. त्यांच्याकडे फ्री म्हणजे त्या तासाला लॅबमध्ये लेक्चर नाही. सिस्टिम टाइमटेबल बघूनच सांगायची. आणि प्रॅक्टिकल परीक्षा टाइमटेबलात नसते.

आम्ही कागद घेऊन बसलो. एका फ्रीचे तीन अर्थ निघाले. लेक्चर नाही. मशीनसमोर कुणी नाही. मशीन काही करत नाही. आमच्या कामाला तिन्ही एकाच वेळी हवे होते. मी ‘एकच’ हे वाक्य खोडलं आणि त्या जागी तीन वेगळे शब्द आणले. शिवाय एक नियम टाकला. कुणी येऊन बसलं, की आमचं काम आहे तिथे थांबेल आणि ती व्यक्ती उठून गेली की पुढे सुरू होईल.

मुनाफ सरांना आता मजा यायला लागली होती. बाकीची यादी त्यांनी स्वतःच वाचायला घेतली.

“हे मेमरी काय आहे? इथे मी हार्ड डिस्क लिहिली आहे.”

“हार्ड डिस्क? मला रॅम हवी होती!”

“फॉर्मवर मेमरी लिहिलं होतं. माझ्या मशीनमध्ये जितकी जागा, तितकी मी लिहिली.”

रॅम म्हणजे काम चालू असताना मशीन वापरतं ती मेमरी, आणि हार्ड डिस्क तिच्या कितीतरी पट मोठी असते. म्हणजे माझा शेड्युलर त्यांच्या प्रत्येक मशीनला महासंगणक समजत होता. आज ना उद्या त्याने तिथे झेपणार नाहीत अशी कामं पाठवली असती. आम्ही दोघं इतके हसलो की शेजारच्या लॅबमधले शिक्षक डोकावून गेले. संध्याकाळपर्यंत असे अकरा शब्द सापडले. निघताना मुनाफ सर म्हणाले, “बिस्मिल्ला करा, मॅडम. आता पाठवा.”

बुधवारी मी तळोज्याच्या लॅबला गेले आणि तेच केलं. तिथे चार शब्द सापडले.

त्यानंतर कामं गुपचूप चालत राहिली. उरणला वर्ग भरले की तिथल्या ओळी पिवळ्या होत, वर्ग सुटले की हिरव्या. एकही फोन आला नाही. शुक्रवारी चारच्या सुमारास शेवटचं काम संपलं.

पाच वाजता पाटीलसाहेब आले. मी त्यांना शब्दांची सगळी गंमत सांगायला लागले. त्यांनी हात वर केला.

“मॅडम, ते तुमचं उबुंटू राहू द्या. लोकांनी जमायचं कुठं?”

मी नकाशा लावला. ड्रिलसाठी धरलेलं मैदान रस्त्यालगत होतं, सगळ्यांना सोयीचं. सकाळच्या वाऱ्यात ते सुरक्षित दिसत होतं. पण संध्याकाळच्या जवळजवळ प्रत्येक शक्यतेत वायूचा पट्टा नेमका तिथूनच जात होता. शाळेमागची मोकळी जागा मात्र सकाळ-संध्याकाळ स्वच्छ राहत होती.

पाटीलसाहेबांनी नकाशातल्या मैदानावर बोट ठेवलं. मग त्यांची गावची बोली बाहेर आली.

“मला वाटतच व्हतं. सांजचा वास त्या मैदानातच येतो. नोकरीला लागलो तवा आमी तितं किरकेट खेळायचो.”

“मग आधी का नाही बोललात?”

“बोललो असतो. पण माझ्या वाटन्यावर सही कोन करनार? आता तुमचा कागद हाय.”

पत्रकं शनिवारी नव्या जागेची वाटली गेली. रविवारी मीही बघायला गेले. सायरन वाजायच्या आधीच दोन आज्या शाळेमागे सावली धरून बसल्या होत्या. तालीम आहे, सायरन झाल्यावर यायचं, असं स्वयंसेवकाने सांगितलं, तर म्हणाल्या, “यायचंच हाय ना? मंग आलो.” बाकीचे ठरल्या वेळेत पोचले. पाटीलसाहेबांनी घड्याळ बघून मला लांबूनच अंगठा दाखवला.

मशीनला अर्थ शिकवणारी भाषा चांगली आहे, नियमही चांगले आहेत. पण अर्थ ज्याच्या त्याच्याकडे असतो आणि तो जाऊन आणावा लागतो. माझ्या पेपरात हे वाक्य नव्हतं.

आता पेणचं एक कॉलेज ग्रिडमध्ये येतंय. मी नवा फॉर्म केलाय. मेमरीच्या जागी रॅम, फ्रीच्या जागी तीन वेगळे प्रश्न. शंकेला जागाच ठेवली नाही, असं मला वाटत होतं. काल तो भरून आला. ‘ऑपरेटिंग सिस्टिम कोणती?’ या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलंय, ‘चांगली’.

उद्या पेणला जातेय.