शुक्रवारचा प्रश्न

मी बोटीवर चढलो त्या दिवशी शहरात हरताळ होता. ट्राम बंद, बस बंद. लालबागेहून भायखळ्यामार्गे आम्ही धक्क्यापर्यंत चालत गेलो. पत्र्याची ट्रंक बाबांच्या डोक्यावर, लाडवांचा डबा आईच्या हातात, आणि मी नव्या बुटांनी लंगडत मधोमध. वाटेत संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा लागला. बाबांनी ट्रंक सांभाळतच एक घोषणा ठोकली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आमी मुंबय मिळवतंव, नि तू मुंबय सोडून चल्लंस. बरोच हुशार रे तू." आई हसली. मग लाडवांचा डबा या हातातून त्या हातात घेत पुढे चालू लागली.

सातवीत शाळा सोडून मी बाबांच्याच गिरणीत मशीनींना तेल घालायला लागलो होतो. यंत्रं बसवायला आलेल्या एका जर्मन फिटरने मला हाताशी धरलं, जर्मनीतल्या आपल्या कंपनीत शब्द टाकला, आणि मला तिथं शिकाऊ म्हणून घेतलं. चाळीत हे कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. त्या उपकारांनी मान अजून वाकलेली आहे. हे सगळं कधीही काढून घेतील ही धास्तीही सुटलेली नाही.

ही कंपनी माग बनवते, आपण गिरणीत ज्याला साचा म्हणतो तो. दर शुक्रवारी जेवणानंतर फोरमन सगळ्यांना मशीनभोवती उभं करतो आणि एकेकाला विचारतो, या आठवड्यात काय अडलं? पहिल्या शुक्रवारी मी म्हणालो, काही नाही, सगळं ठीक. फोरमन माझ्या कामावर खूश होईल असं वाटलं होतं. तो खूश झाला नाही. नंतर बाजूला घेऊन म्हणाला, तू मशीनकडे बघत नाहीस का?

मी बघत होतो, पण बाबांची शिकवण वेगळी होती. "साच्याची खोड जाबराक सांगूची नाय." सांगितली तर दंड माणसाला, आणि तुम्ही काही सोपी युक्ती काढलीत तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, म्हणणार, सोपं झालं ना, मग आणखी एक साचा सांभाळ. म्हणून आमच्या साळखात्यातल्या, म्हणजे विणकामाच्या खात्यातल्या, युक्त्या गाववाल्यांपुरत्या राहायच्या, खाणावळीत जेवताना हळू आवाजात सांगायच्या. नवीन काही यायचं ते परदेशातून, खोक्यात बंद होऊन, बोटीने.

इथं बोलायला शिकायला मला फार दिवस लागले. माझ्या खोलीत एक इंग्रज फिटर होता. तो म्हणायचा, आमच्याकडे सुधारणा वरच्या मजल्यावर कागदावर होते, खाली फक्त निरोप येतो. मला वाटायचं, या जर्मनांचा स्वभावच मोकळा. मग कळलं, लढाईनंतर इथं माणसंच कमी पडत होती. नव्या मशीनने कुणाच्या पोटावर पाय येत नव्हता, म्हणून तोंड उघडायला भीती नव्हती. आपल्याकडे गेटवर एखाद्या दिवसाच्या कामाची वाट बघणाऱ्या बदलीवाल्यांची रांग.

त्यातच नवा माग तयार झाला. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की पोलादाची बारीक पट्टी खाली पडायची आणि माग आपोआप थांबायचा. म्हणजे दोन साचे बघणारा माणूस कितीतरी बघू शकणार. पहिली मोठी मागणी मुंबईहून आली, आमच्याच गिरणीची. त्या शुक्रवारी फोरमनने सगळ्यांना सोडून मलाच विचारलं, "तुझ्या गावात हा कुठे अडेल?"

मला ठाऊक होतं. आपल्या दमट हवेत कापसाची धूळ त्या पट्ट्यांना चिकटणार आणि त्या पडणारच नाहीत. गप्प बसलो तर माग तिथं फसेल, बाबांचे साचे राहतील. पण गप्प बसणाऱ्या परक्या पोराला इथं कोण ठेवणार? सगळे माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं. फोरमनने माझ्या पाठीवर थाप मारली, पट्ट्या बदलल्या, आणि खोक्यांबरोबर बसवणीला मलाच पाठवलं. घरी जायला मला तेवढी एकच वाट मिळाली.

तोवर मुंबई आपली झाली होती. धक्क्यावर मी बाबांना म्हटलं, मिळवलीत की मुंबय. ते म्हणाले, "होय तर. पण साचे अजून शेटचेच."

गिरणीत नव्या मागांची रांग लागली. जुन्या साच्यांची पुढची रांग काढायची होती, ती बाबांची. मी त्यांच्याजवळ गेलो आणि सवयीने विचारलं, "बाबानू, काय अडता?"

त्यांनी आधी जॉबर कुठे आहे ते बघितलं. मग माझ्या कोटावरचा कंपनीचा बिल्ला बघितला. म्हणाले, "काय नाय. सगळा बरा चल्लाहा."

त्यांच्या मागे साच्याचा पट्टा सुतळीने बांधलेला मला दिसत होता.

साचे निघाले तसं बाबांचं कामही गेलं; ते आता गावी आहेत, मी परत इथं. दर शुक्रवारी मला विचारतात आणि मी बारीकसारीक सगळं सांगतो. मग खोलीवर येऊन घरचं पत्र वाचतो. त्यात ठरलेली ओळ असते, इकडे सगळे बरे आहे. ती वाचली की सुतळी दिसते. उत्तर लिहायला बसतो. बूट अजून चावतात, पाव घशाखाली उतरत नाही, कुणाशी मालवणी बोलायला मिळत नाही. तुम्ही लालबागेत राहिलेले असा की माझ्यासारखे बाहेर पडलेले, पुढे मी काय लिहितो ते तुम्हाला सांगायला नको. इकडेही सगळे बरे आहे.